पुन्हा तिथेच? हो, पुन्हा तिथेच!

दवाखान्याच्या दारावर ‘डॉक्टर तीन दिवस बाहेरगावी आहेत’ अशी पाटी लागली की परत आल्यावर चौकशी होतेच. मागच्या वेळी धरणगावचे एक निवृत्त गुरुजी बीपी तपासायला आले होते. दंडाला पट्टा बांधत होतो, तेव्हा म्हणाले, "कुठे जाऊन आले डॉक्टरसाहेब?"

"खोपोलीला. इमॅजिकाला."

"मागेही तिथेच गेले होते ना?"

"हो. ही चौथी वेळ."

गुरुजी पुढे काही बोलले नाहीत, पण चेहऱ्यावर सगळं वाचता आलं. एवढा शिकलेला माणूस, दुसरं ठिकाण सापडत नाही का याला? बाहेर वीस पेशंट बसले होते, त्यामुळे उत्तर राहून गेलं. ते आज लिहितोय. कारण या प्रश्नाचा संबंध तब्येतीशी आहे, आणि दरवर्षी मे आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर "फिरायला गेलो आणि आजारी पडून आलो" म्हणणारे जे पेशंट माझ्याकडे येतात, त्यांच्याशीही आहे.

आमची पहिली खेप मे २०१४ ची. इमॅजिका सुरू होऊन वर्ष झालं होतं. मुलगी बारा वर्षांची, मुलगा आठ. शाळेतल्या कोणीतरी जाऊन आलं होतं, त्यामुळे घरात दुसरा विषय नव्हता. जळगावहून रात्री गाडी काढली, धुळ्याला भावाकडून आईला घेतलं, मालेगाव, नाशिक, कसारा करत चारशेहून जास्त किलोमीटर मीच गाडी चालवली. सकाळी खोपोलीच्या एका लॉजवर आंघोळी उरकल्या आणि दार उघडायच्या आधी आम्ही गेटवर हजर. माझ्या खिशात कागद होता. कोणती राइड कितव्या क्रमांकाला, कुठली रांग आधी लांब होते, सगळं लिहिलेलं. एवढ्या महागाची तिकिटं, मग पैसे वसूल नको व्हायला?

दुपारी अडीचपर्यंत सात राइड झाल्या होत्या. जेवण झालं नव्हतं. आई तेव्हा अडुसष्टची, मधुमेहाची जुनी पेशंट. सकाळी सातला तिने गोळी घेतली होती, आणि त्या गोळीत ग्लिमेपिराइड होतं. सोबत जेमतेम अर्धी पोळी. मध्ये दोनदा म्हणाली, "मी आठेच बठस, तुम्ही जा." मी म्हटलं, "आई, आता नंबर आलाच, मग जेवूच." त्यानंतर ती नातीवर खेकसली, जे ती कधी करत नाही. मी तिच्यावर चिडलो. इतक्या लांब आणलं आणि हिचं तोंड वाकडंच, असं मनात आलं. अंगाला घाम होता, पण खोपोलीच्या दमट मे महिन्यात घाम कोणाला नव्हता?

माझ्या मुलीच्या लक्षात आलं. "पप्पा, आजी वेगळंच बोलतेय." हात धरला तर थंड आणि ओला. बोटं थरथरत होती. ग्लुकोमीटर होता, पण गाडीत, आणि गाडी पार्किंगमध्ये. रांगेत पुढे असलेल्या एका कुटुंबाने मुलाच्या हातातली फ्रूटी काढून दिली. आई ती प्यायली, पंधरा मिनिटांत तिचा चेहरा परत आला आणि तिने विचारलं, "काय झालं रे?"

पंचवीस वर्षं लोकांना सांगत आलोय की शुगरची गोळी घेतली की जेवण लांबवायचं नाही. स्वतःच्या आईच्या वेळी मला राइडचा नंबर दिसत होता. ही गोष्ट मी दवाखान्यात फार जणांना सांगितलेली नाही.

म्हणून आधी कामाचं सांगून टाकतो. शुगर कमी होणं म्हणजे हायपोग्लायसेमिया. घाम, थरथर, धडधड, भूक ही लक्षणं बहुतेकांना माहीत असतात. चिडचिड, हट्टीपणा, असंबद्ध बोलणं हीसुद्धा त्याचीच लक्षणं आहेत हे घरच्यांना माहीत नसतं. मशीन हाताशी नसेल तर वाट बघू नका. माणूस शुद्धीत असेल आणि गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, किंवा गोड रस द्या. पंधरा मिनिटांनी सुधारणा नसेल तर परत द्या. बरं वाटल्यावर लगेच जेवायला घाला, कारण ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचा परिणाम बराच वेळ टिकतो आणि शुगर पुन्हा घसरू शकते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

आता मूळ प्रश्न. पहिल्या खेपेला असं का होतं?

नव्या जागी आपला मेंदू सुट्टीवर नसतो, तो ड्युटीवर असतो. संडास कुठे, पाणी कुठे, सावली कुठे, मूल हरवलं तर कुठे शोधायचं, जेवण बरं कुठे मिळेल: घरी ज्या गोष्टींचा विचारही करावा लागत नाही, त्या प्रत्येकीसाठी तिथे निर्णय घ्यावा लागतो. दिवसभरात असे शेकडो छोटे निर्णय होतात. त्यात आवाज, गर्दी, ऊन. संध्याकाळी नवरा-बायकोचं भांडण आइस्क्रीमवरून होतं, पण कारण आइस्क्रीम नसतं.

रात्री झोपेतही तीच तऱ्हा. नव्या जागी पहिल्या रात्री झोप लागत नाही हा सगळ्यांचा अनुभव. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये त्याचं कारण दाखवून दिलं. पहिल्या रात्री मेंदूची डावी बाजू उजवीइतकी गाढ झोपत नाही, ती अर्धवट पहारा देत राहते. बदकं आणि डॉल्फिन असंच अर्ध्या मेंदूने झोपतात. तीच माणसं काही दिवसांनी त्याच जागी परत झोपली तेव्हा हा फरक उरला नव्हता. जागा तीच, पलंग तोच. मेंदूने पहारेकरी काढून घेतला होता.

आता हे आपल्या सुट्टीला लावून बघा. आपल्याकडे तीन दिवस असतात. त्यातली एक रात्र अर्धी जागी, एक दिवस रस्ते शोधण्यात, आणि तिसऱ्या दिवशी परतीचा प्रवास. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात लांब सुट्टी घेतलेल्या ५४ नोकरदारांची तब्येत आणि मनःस्थिती सुट्टीत वारंवार विचारली गेली. त्यांना सगळ्यात छान वाटलं ते साधारण आठव्या दिवशी. कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात तो फायदा ओसरलाही. आठ दिवस दवाखाना बंद ठेवला तर माझे पेशंट दुसरा डॉक्टर बघतील! मग उपाय एकच उरतो. पहिले दोन-तीन दिवस जे ओळख करून घेण्यात जातात, ते आधीच्या खेपेलाच खर्ची पडलेले असले तर?

आमचं नेमकं हेच झालं, पण ठरवून नव्हे. २०१६ च्या डिसेंबरात मुलांनी पुन्हा हट्ट धरला. एव्हाना उद्यानाला लागूनच हॉटेल झालं होतं. यावेळी गाडी न नेता जळगावहून रेल्वेने कल्याण आणि तिथून टॅक्सी केली. आई म्हणाली, मी येते, पण रांगेत उभी राहणार नाही. तिने एक बाक निवडला, सावलीतला, जिथून दोन्ही बाजूंची माणसं दिसतात असा. जेवणाची वेळ साडेबारा, ती मीच पाळली. तरीही दुसऱ्या दिवशी मला राहवलं नाही, मागच्या वेळी राहिलेल्या राइड पूर्ण करायला मी मुलांना पळवलं आणि रात्री मुलाला ताप भरला. जित्याची खोड, दुसरं काय.

२०१९ मध्ये मात्र बदल जाणवला. खिशात कागद नव्हता. सकाळी दोन-तीन राइड, मग खोलीवर जेवण आणि चक्क दुपारची झोप, ऊन उतरल्यावर परत. मुलीने ‘डीप स्पेस’ तीनदा केली आणि बाकी काही केलं नाही. मला आत कुठे काहीतरी टोचलं, तिकिटाचे पैसे आठवले, पण बोललो नाही. ती फार खूष होती.

प्रामाणिकपणे सांगायचं तर वारंवार गेल्याने काही गोष्टी कमी होतात. ‘नायट्रो’वर पहिल्यांदा पोटात जो गोळा आला तो तिसऱ्या वेळी आला नाही. नवलाईचा आनंद मेंदू लवकर खर्च करून टाकतो. ज्याला थरार हवा त्याने दरवर्षी नवं ठिकाण शोधावं, माझं काही म्हणणं नाही. पण थरार आणि विश्रांती या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि आपण थरार विकत घेऊन विश्रांती मिळाली नाही म्हणून कुरकुरतो. नेदरलँड्सच्याच आणखी एका अभ्यासात, २०१० च्या, १५३० लोकांना विचारलं होतं. सुट्टीवर जाणारे लोक जाण्याआधी जास्त आनंदी होते, म्हणजे वाट बघण्यातला आनंद खरा. परत आल्यावर मात्र सुट्टीवर गेलेले आणि न गेलेले यांच्यात फरक राहिला नाही. अपवाद एकाच गटाचा: ज्यांनी सुट्टी ‘अगदी निवांत’ गेली असं सांगितलं त्यांचा.

तसं बघितलं तर आपल्याला हे नवीन नाही. आमच्या लहानपणी मे महिन्याची सुट्टी म्हणजे मामाचं गाव, दरवर्षी तेच. पहिल्या वर्षी रात्री आईला चिकटून रडणारं पोर तिसऱ्या वर्षी एसटीतून उतरल्याबरोबर मळ्यात पळायचं. चैत्रात खान्देशातून पायी वणीच्या गडावर जाणारी माणसं बघा. तीच वाट, तेच मुक्काम. कुठे पाय शेकायचे, कुठे भाकरी मिळते, ठाऊक असतं. इतकं चालून परत आलेली म्हातारी माझ्यासमोर बसते तेव्हा तिचं बीपी कधीकधी माझ्यापेक्षा चांगलं असतं.

दोन इशारे मात्र दिलेच पाहिजेत, कारण ओळखीच्या जागेचा एक तोटा असतो: माणूस बेफिकीर होतो. मागच्या वेळी जमलं म्हणून यंदाही जमेल असं नाही. मध्यंतरी अँजिओप्लास्टी झाली, बीपी वाढलं, मानेचं किंवा पाठीचं दुखणं निघालं, सून गरोदर आहे, तर वेगाच्या राइड नकोत, आणि शंका असेल तर निघण्याआधी विचारा, आल्यावर नको. दुसरं, मधुमेहींनी वॉटर पार्कमध्ये तापलेल्या फरशीवर अनवाणी फिरू नये. पायाची संवेदना कमी झालेली असते, चटका कळत नाही, आणि रात्री मोजे काढताना फोड दिसतो. अशा फोडाची जखम भरायला मी महिने लागलेले पाहिले आहेत. इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, हेही त्यातच आलं.

(मुतखडेवाल्यांसाठी एक गंमत. आपल्या भागात उन्हाळ्यात मुतखड्याचे पेशंट काय कमी असतात! अमेरिकेत ऑर्लँडोच्या डिस्ने पार्कमध्ये दोन डॉक्टरांनी मूत्रपिंडाचं सिलिकॉनचं मॉडेल खड्यांसकट बॅगेत घालून रोलर कोस्टरवर वीस चकरा मारल्या. मागच्या सीटवर सुमारे ६४ टक्के वेळा खडा बाहेर पडला, पुढच्या सीटवर १७ टक्के. या अभ्यासाला २०१८ चा इग नोबेल मिळाला. पण म्हणून मी कोणाला चिठ्ठीवर रोलर कोस्टर लिहून देणार नाही. पाणी प्या.)

मध्ये करोना आला, पार्क बंद राहिलं, मुलं मोठी झाली. वाटलं, संपलं हे प्रकरण. पण २०२४ मध्ये मुलीनेच विचारलं, आजीला घेऊन एकदा जाऊ या का? आई आता अठ्ठ्याहत्तरची. ग्लिमेपिराइड केव्हाच बंद केलंय, गुडघे दुखतात, ऐकू कमी येतं. नवीन ठिकाणी न्यायचं म्हटलं असतं तर ती तयार झाली नसती. इमॅजिका म्हटल्यावर म्हणाली, "तो बाक असंन का आजून?"

बाक होता, किंवा त्याच्यासारखाच दुसरा होता. तिने तो आपलाच मानला. मुलं पुढे गेली. मी आणि ती बसलो. समोरून एक गृहस्थ घाईघाईने जात होते, हातात नकाशा, मागे दोन पोरं, त्यामागे धापा टाकणारी आजीबाई. आई त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता ती काहीतरी बोलणार, दहा वर्षांपूर्वीचं. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने माझ्या मनगटावरचं घड्याळ तिने स्वतःकडे वळवून बघितलं.

"चाल, जेवानी वेळ व्हयनी."

सव्वाबारा झाले होते. मुलाला फोन केला, तो ‘नायट्रो’च्या रांगेत होता. म्हणाला, "तुम्ही सुरू करा पप्पा, आम्ही येतो सावकाश."