सहरीची भाकरी

आमच्या घरामागच्या आंब्याच्या बागेत राणी नावाची कुत्री आहे. ती घरात येत नाही. बाग आणि शेळ्या राखते, रात्री गोठ्याच्या दाराशी बसते. राखणीसाठी कुत्रा पाळायला आपल्या धर्मात मुभा आहे. तिची लाळ लागली तर आम्ही शाफई रीतीने सात वेळा धुतो, त्यातलं एक पाणी मातीचं. एवढं सांभाळूनही घरातल्या सगळ्यांचा तिच्यावर जीव आहे.

गेल्या रमजानात तिच्या पोटाखाली गाठ दिसली. जनावरांच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि बजावलं, "आदल्या रात्रीपासून खायला काही देऊ नका. पाणी सकाळपर्यंत चालेल."

टेम्पो करून आम्ही तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न खाण्याचाच विचारला. "उपाशी आहे," आम्ही म्हणालो. आम्हांला तसंच वाटत होतं. तेवढ्यात धाकट्याने हात ओढला आणि कानात सांगितलं, "सहरीला दादीने तिला दुधात भाकरी कुस्करून घातली."

क्षणभर वाटलं, गप्प बसावं. टेम्पोचं भाडं गेलं होतं, कामाचा खाडा झाला होता. अर्ध्या भाकरीने असं काय होणार? पण रोज्याच्या तोंडाने खोटं कसं बोलायचं? सांगून टाकलं.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "बरं झालं बोललात. आपण जागे असताना घास चुकून श्वासनळीकडे गेला तर ठसका लागतो. भुलीत तो ठसकाच झोपतो. पोटातलं वर आलं तर थेट फुफ्फुसात उतरतं. त्याने न्यूमोनिया होतो, जीवही जातो. गाठ एक दिवस थांबू शकते. उद्या या."

घरी दादीला सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरले. "आपण तरी सहरी करतो, त्या मुक्या जीवाला काय कळतं, म्हणून घातली," ती म्हणाली. त्या रात्री सहरीला ती बागेकडे पाठ करून बसली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हांला दारातून पाहू दिलं. भूल चढल्यावर त्यांनी राणीची जीभ पुढे ओढली आणि बॅटरीच्या उजेडात श्वासनळीत रबरी नळी सरकवली. नळीच्या टोकाला छोटा फुगा होता. त्यात हवा भरली की बाजूची फट बंद होते आणि वरून काही खाली उतरत नाही. नळी सुटू नये म्हणून ती पट्टीने जबड्याला बांधली. राणीला कुशीवर वळवताना त्यांनी आधी ऑक्सिजनची रबरी पाइप सोडवली आणि मग पुन्हा जोडली. "जोडलेली ठेवून वळवलं तर नळी आत पिळते, श्वासनळी फाटू शकते," ते म्हणाले. जिभेला चिमटा लावलेलं यंत्र होतं, तरी मदतनीस जिभेचा गुलाबी रंग स्वतःच्या डोळ्यांनी बघत होता.

गाठ निघाली, टाके पडले. आम्हांला वाटलं, संपलं. पण डॉक्टर तिच्या डोक्याशीच बसून राहिले. राणी स्वतः आवंढा गिळेपर्यंत त्यांनी नळी काढली नाही. "चपट्या नाकाचा पग असता तर आणखी थांबलो असतो," ते म्हणाले. "त्यांचा घसा मुळात अरुंद. नळी काढल्यावरच त्यांना खरा धोका."

घरी आणल्यावर तिला छातीवर बसवलं, मान सरळ ठेवली. नीट शुद्ध येईपर्यंत काही घातलं नाही. इफ्तारनंतर दादीने स्वतःच्या हाताने थोडी पेज घातली. अल्हम्दुलिल्लाह, राणी आज पुन्हा गोठ्याच्या दाराशी आहे.

तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून मोज्यातून पाणी आणणाऱ्या माणसाची हदीस आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. घास देणं ही दया, हे आम्हांला ठाऊक होतं. एखाद्या रात्री घास न देणं आणि चुकून दिलाच तर तो लपवू नये, ही पण दयाच. हे आम्ही त्या रमजानात शिकलो.