पंक्तिप्रपंच

एकाच पंगतीत बसलेल्यांना वेगवेगळे वाढणे याला आपल्याकडे पंक्तिप्रपंच म्हणतात आणि तो दोष मानला जातो. विमानात मात्र तीच रीत आहे. १९९२ च्या सुमारास काही विमान कंपन्यांनी आज ‘प्रीमियम इकॉनॉमी’ म्हणून ओळखला जाणारा मधला वर्ग सुरू केला. तेथे पाय थोडे अधिक पसरता येतात; जेवण बहुधा चिनी मातीच्या बशीत, कापडी रुमालासह येते. पुढच्या पडद्याआड याहून बरे काय वाढले जात असेल, हे तेवढे कळत नाही.

आई-बाबांच्या गुडघ्यांचा विचार करून आम्ही मुंबई ते लंडन या प्रवासासाठी त्याच वर्गाची तिकिटे काढली. ते दोघे पुढे, आम्ही पती-पत्नी त्यांच्या मागच्या रांगेत. आईचे शाकाहारी जेवण आगाऊ नोंदवले होते. बाबांना सामिष चालते. असे नोंदवलेले जेवण इतरांच्या आधी आणून देतात, हे आमच्या ध्यानातच आले नव्हते. आईचा ट्रे आला आणि बाबांपुढे काहीच नाही.

पन्नास वर्षांच्या संसारात आई बाबांच्या आधी कधी जेवली नव्हती. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

“अगं, गार होतंय. जेव.”

“तुमचं येऊ दे.”

अखेर बाबांनीच भातावरचे झाकण काढले आणि चमचा तिच्या हाती दिला. आईने एक घास घेतला व म्हणाली, “मीठ कमी आहे.”

आमच्या घरात हे वाक्य आजवर केवळ बाबांचे होते.

वस्तुतः मीठ कमी नसावे. उडत्या विमानात हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढाच राखलेला असतो आणि हवा कोरडी असते. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेने २०१० मध्ये तशीच स्थिती निर्माण करून चाचण्या घेतल्या, तेव्हा मीठ आणि साखर दोन्ही जिभेला फिकी लागतात असे आढळले. हे आम्हांला ठाऊक होते, आणि ठाऊक असलेले सांगून टाकण्याची अध्यापकी खोडही आहे. त्या वेळी मात्र आम्ही गप्प राहिलो. बाबांनी मिठाची पुडी फोडली आणि तिच्या भातावर हलकेच भुरभुरली.

लंडनला पोहोचल्यावर आईने सवयीने बाबांचे पान आधी वाढले. बाबा पानावर बसले, पण घास उचलेनात.

“तुझं येऊ दे,” म्हणाले.