गेटमेसेज-ए कोण?

पनवेल स्टेशनवर रिक्षावाल्याला नुसतं "पनवेल" सांगून बघा. तो आधी विचारणार, जुनं की नवीन? पुण्याकडे एक आंबेगाव बुद्रुक, दुसरं खुर्द, म्हणजे फारसीतलं थोरलं आणि धाकटं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये वर्गात तीन पूजा होत्या, तर सिस्टर हजेरीला पूजा पी., पूजा एस. म्हणायच्या. एकच नाव दोघांचं असलं तर बिघडत नाही, कोणाचं कोणतं हे सगळ्यांदेखत ठरलं की झालं.

सी आणि सी प्लस प्लसच्या मॅक्रोत नेमकं हेच होत नाही. सिव्हिल-मेकॅनिकलवाल्यांसाठी सांगते: कंपायलरने कोड वाचायच्या आधी प्रीप्रोसेसर त्यावरून हात फिरवतो. हा शब्द दिसला की तो टाक, एवढंच त्याला माहीत. वर्डमधलं 'रिप्लेस ऑल'च समजा. शब्द कोणत्या क्लासचा, हे त्याला दिसतच नाही.

गेल्या सेमिस्टरला आमच्या ग्रुपने मिनी प्रोजेक्टला मेसचा नोटीस बोर्ड केला. एकीने क्लास लिहिला, त्यात गेटमेसेज नावाची मेथड. दुसरीने मुख्य प्रोग्रॅम लिहिला आणि त्यात विंडोज डॉट एच ही हेडर फाइल घेतली, फक्त स्लीप फंक्शनसाठी. दोन्ही फायली वेगवेगळ्या छान कंपाइल व्हायच्या. जोडायला गेलं की लिंकर म्हणायचा, गेटमेसेज-ए सापडत नाही! आता हा 'ए' कुठून आला? कोणीच लिहिला नव्हता. "तूच माझ्या फाइलला हात लावलास" इथून सुरुवात झाली आणि दोघी चार दिवस मेसमध्ये वेगवेगळ्या टेबलवर जेवल्या. एक तर ग्रुप सोडायची भाषा करू लागली. दोघी माझ्या रूममेट, त्यामुळे मला सबमिशनपेक्षा त्याचीच धास्ती.

शेवटी लॅबमधल्या सरांनी सुचवलं, प्रीप्रोसेसरमधून बाहेर पडलेला कोडच उघडून बघा. बघतो तर काय, आमच्या मेथडचं परस्पर बारसं झालेलं! विंडोजमध्ये गेटमेसेज हा मॅक्रो आहे. युनिकोड चालू असेल तर तो त्याचं गेटमेसेज-डब्ल्यू करतो, नाहीतर गेटमेसेज-ए. हेडर घेतलेल्या फाइलमध्ये मेथड 'ए' झाली, दुसरीत जुन्याच नावाने राहिली. आम्ही तिचं नाव रीडनोटीस ठेवलं आणि त्या रात्री तिघी एका टेबलवर जेवलो.

मॅक्रोने नावांच्या हद्दी पाळाव्यात हा विचार काही नवा नाही. १९८६ साली कोलबेकर, फ्रीडमन, फेलायझन आणि ड्यूबा यांनी 'हायजिनिक' मॅक्रो मांडले: मॅक्रोने आणलेली नावं तुमच्या नावांत मिसळू द्यायची नाहीत. सोवळंच म्हणा ना! रस्ट भाषेच्या नेहमीच्या मॅक्रोत लोकल व्हेरिएबल हे सोवळं पाळतात, मेथड मात्र पाळत नाहीत. मॅक्रोने बनवलेली आणि तुमची मेथड एकाच नावाची निघाली तर कंपायलर तिथेच अडवतो. निदान तोंडावर सांगतो तरी.

आणि तो 'ए' म्हणजे जुनी आठ-बिटी अक्षरं, 'डब्ल्यू' म्हणजे युनिकोड. विंडोज २०००मध्ये देवनागरी आली ती युनिकोडमधूनच. मेसच्या मावशींना भाजीचं नाव बोर्डावर मराठीत हवंय, तेव्हा पुढच्या व्हर्जनला आम्हाला 'डब्ल्यू'चंच दार ठोठवायचं आहे.