भाकरी कुणी थापली?

बचत गटाची बैठक रात्री आठलाच का, हा प्रश्न मला संस्थेत लागल्यावर पहिल्याच आठवड्यात पडला. आष्टी तालुक्यातल्या त्या गावात बायका दिवसभर रानात. सांजेला धारा, पाणी, चूल. घरच्यांची जेवणं उरकून त्यांचे हात मोकळे होतात ते आठला. म्हणजे त्यांची फुरसत आणि माझ्या लेकीचं जेवण, अभ्यास, झोप यांची वेळ एकच. नऊ वर्षं झाली, त्या एका तासाचं मला काही करता आलेलं नाही.

वर्षाचं गणितही उलटंच. दसरा-दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला जातं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत फडाजवळची खोप हेच घर. गट तेव्हा पेंगतात. माणसं परततात उन्हाच्या तोंडावर, आणि थकलेले हप्ते, नवी कर्जं, बँकेची कामं एकदम अंगावर येतात. मार्च तर ऑडिटनं आधीच खाल्लेला. लेकीला सुट्टी लागते ती नेमकी या धबडग्यात.

आक्का त्या गटाच्या अध्यक्ष. अक्षरओळख सहीपुरती, पण पंधराजणींचं कर्ज, व्याज, कुणाचा हप्ता कुठल्या महिन्यात चुकला, सगळं तोंडपाठ. माझ्या वहीतली बेरीज त्यांनी दोनदा खोटी ठरवली आहे. एका रात्री मी घाईघाईनं ठराव लिहीत होते. लेक तापलेली, फोन सारखा वाजत होता. आक्का म्हणाल्या, “आज तुझ्या घरी भाकरी कुणी थापली?”

“सासूबाईंनी.”

“काल?”

“त्यांनीच.”

“मग त्यांचं किती झालं?”

मी हसले. आक्का हसल्या नाहीत. “गटाचं कर्ज थकलं तर आम्ही दारात जाऊन बसतो. ती म्हातारी कुणाच्या दारात बसंल?”

त्यांना गुरू मानायला मला वेळ लागला. समाजकार्याची पदवी माझ्याकडे, शिकवायचं मी, असा माझा समज. तो पहिल्यांदा हलला जामखेडला. डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे यांनी १९७० साली तिथं काम सुरू केलं आणि गावच्याच बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यातल्या कितीतरी निरक्षर होत्या. मी गेले तेव्हा अशीच एक बाई बाळंतपणातले धोके समजावत होती, आणि शहरातले डॉक्टर वहीत उतरवून घेत होते.

आक्कांचा हिशेब मी घरी सासूबाईंना सांगितला. वाटलं, डोळ्यांत पाणी येईल त्यांच्या. त्या म्हणाल्या, “गुरुवारी मला भजनाला जायचं असतं. तू कधी विचारलंस?”

नव्हतं विचारलं.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या ताईंकडे गेले. गुरुवारी बैठक घेणार नाही, हे सांगायला चार वाक्यं पाठ केली होती. ताईंनी दुसऱ्याच वाक्याला मान डोलावली. मुलाचा दहावीचा निकाल त्यांना एसटी स्टँडवर शेजारणीकडून कळला होता. हा प्रसंग आमच्या प्रत्येक वर्धापनदिनाला कुणीतरी त्याग म्हणून सांगतंच. “मला ते ऐकवत नाही,” ताई म्हणाल्या. “माझं चुकलं होतं. टाळ्या कसल्या वाजवता?” आमच्या क्षेत्राला ‘त्याग’ हा शब्द फार प्रिय. पगारालाही आम्ही मानधन म्हणतो. किराणावाल्याला त्यातलं फक्त धन चालतं.

आता गुरुवारी नवरा खिचडी लावतो. भाकरी त्याला अजून जमत नाही, आणि तो फार धडपडतो असंही नाही.

गेल्या डिसेंबरात वहीवर सह्या घ्यायला भरदुपारी आक्कांकडे गेले. लेक-सून फडावर, चार नातवंडं आक्कांजवळ. धाकटं पाठीशी रडत होतं, थोरलीला शाळेत सोडायचं राहिलं होतं, तव्यावर भाकरी. ‘ती म्हातारी’ म्हणजे कोण, ते मला तिथं उंबऱ्यात उभं राहिल्यावर उमगलं.

“आक्का, तुमचं किती झालं?” मी विचारलं.

त्यांनी पिठाची परात माझ्याकडे सरकवली. “बस. दोन थाप.”

पहिली तव्यावर टाकतानाच मोडली.