सरहद्दीवरचें गांव

कल्पित साम्राज्यांच्या कथा वाचावयास घेतल्या म्हणजे माझें लक्ष राजधानीकडे फारसें जात नाहीं. राजधान्या बहुधा सर्वत्र सारख्याच असतात. सोन्याचे कळस, संगमरवरी पायऱ्या, कारस्थानी प्रधान आणि कंटाळलेला सम्राट् एवढी सामग्री जमली कीं लेखकाचें काम भागतें. मला ओढ असते ती नकाशाच्या कडेची. जेथें रस्त्याची रेघ बारीक होत होत एका ठिपक्यापाशीं थांबते आणि त्या ठिपक्यापलीकडे नदी, रान किंवा वाळवंट एवढेंच लिहिलेलें असतें, तेथलें तें सरहद्दीवरचें गांव मला पाहावयाचें असतें. साम्राज्य कसें मिरवतें हें राजधानींत कळतें. पण तें कशावर उभें आहे, हें त्या ठिपक्यांतच कळतें, असें माझें मत होत गेलें आहे.

अशा गांवाची ठेवण आतां माझ्या चांगली परिचयाची झाली आहे. भोंवतीं लांकडाचा नाहीं तर मातीचा तट. एक मोठा दरवाजा, तो दिवस मावळतांच लागावयाचा. आंत शिबंदीचीं घरें, धान्याचें कोठार, एखादी कचेरी आणि चार दुकानें. पलीकडचीं माणसें ठरल्या दिवशीं लोकर व कातडीं घेऊन बाजारास येतात आणि दिवेलागणीच्या आंत त्यांना बाहेर काढण्यांत येतें. तटाच्या आंत राहणारे लोकहि कांहीं फार मोठे नसतात. मुदत भरलेले शिपाई, कर्जबाजारी शेतकरी, नशीब काढावयास निघालेले व्यापारी, आणि राजधानींत कोणाला तरी नकोसा झालेला एखादा अंमलदार. जी जमीन ते नांगरतात ती एका पिढीपूर्वीं दुसऱ्या कोणाची तरी होती, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते आणि कोणीहि ती बोलून दाखवीत नाहीं.

रॉबर्ट हॉवर्ड हा टेक्सासमधील क्रॉस प्लेन्स या लहानशा गांवीं राहून कथा लिहिणारा लेखक १९३६ सालीं अवघ्या तिसाव्या वर्षीं वारला. त्याच्या आदल्या वर्षीं, मे व जून १९३५ मध्यें, ‘वीअर्ड टेल्स’ या मासिकांत त्याची ‘काळ्या नदीपलीकडे’ ही दीर्घकथा आली. अक्विलोनिया या कल्पित राज्यानें, रानटी समजल्या जाणाऱ्या पिक्ट लोकांचा एक मुलूख नुकताच आपल्या अमलाखालीं आणला आहे. कानाजोहारा हें त्या प्रांताचें नांव. न्यूयॉर्क राज्यांतील कानाजोहारी या मोहॉक नदीकांठच्या गांवाशीं तें इतकें जुळतें कीं, लेखकाच्या मनांत कोणती सरहद्द घोळत होती हें निराळें सांगावयास नको. काळ्या नदीच्या कांठीं तुस्केलन नांवाचा लांकडी कोट आहे, मागें वसाहतवाल्यांचीं एकाकी घरें आहेत, आणि त्याहि मागें दुसऱ्या एका नदीवर व्हेलिट्रियम हें गांव आहे. पिक्टांच्या टोळ्या एक होतात आणि कोट पडतो. बाल्थस नांवाचा एक साधा तरुण एका कुत्र्याला बरोबर घेऊन वाट अडवून धरतो, आणि तेवढ्या अवधींत बायकामुलें व्हेलिट्रियमला पोंचतात. तरुण मरतो, कुत्रा मरतो, आणि तो प्रांत कायमचा हातचा जातो.

कथा साहसाची खरी. परंतु तिच्यांतील दोन जागा मला पुन्हां पुन्हां वाचाव्याशा वाटतात. कोनन हा नायक एके ठिकाणीं म्हणतो कीं, ही वसाहतच मुळीं वेडेपणाची आहे. सरदारांनीं केवळ शिकारीसाठीं राखून ठेवलेल्या मोठमोठ्या जमिनी जर वांटून दिल्या आणि तेथें गहूं पेरला, तर पिक्टांची भूमि हिसकावून घेण्याची गरजच कोणाला पडणार नाहीं. म्हणजे सरहद्दीवरचा शेतकरी पलीकडच्या माणसावर जो चालून जातो, तो घरच्या जहागीरदारानें मागून रेटल्यामुळें. दुसरी जागा याहून विलक्षण आहे. हाच कोनन सिमेरिया देशाचा. आणि तोहि देश याच अक्विलोनियानें एके काळीं जिंकावयास घेतला होता. तेथें व्हेनारियम नांवाचें असेंच एक सरहद्दीचें ठाणें उभें राहिलें होतें, तें सिमेरियन टोळ्यांनीं धुळीस मिळविलें, आणि त्या टोळ्यांत कोनन स्वतः होता. जो पोरवयांत एका तटावर बाहेरून चढला, तोच पुढें पगार घेऊन दुसऱ्या तटाचें आंतून रक्षण करीत आहे. लेखक या गोष्टीवर फार वेळ रेंगाळत नाहीं. मी मात्र तेथें थबकतों. कां, तें पुढें सांगतों.

इटालियन कादंबरीकार डीनो बुझ्झाती याच्या १९४० सालच्या ‘तार्तरांचें वाळवंट’ या कादंबरींत लढाईच नाहीं. ज्योवान्नी द्रोगो हा तरुण अधिकारी बास्तियानी या दूरच्या किल्ल्यावर रुजू होतो. उत्तरेस ओसाड मैदान पसरलेलें आहे आणि त्यांतून केव्हां तरी तार्तर येतील अशी आख्यायिका आहे. चार महिन्यांत परत जाण्याची सोय असतांहि तो राहतो. मग चार वर्षें, आणि मग सारा जन्म. एके दिवशीं लात्सारी नांवाच्या शिपायाला बाहेर एक घोडा दिसतो. आपलाच घोडा सुटला अशा समजुतीनें तो त्याला आणावयास जातो. परततांना त्याला परवलीचा शब्द ठाऊक नसतो, आणि पहाऱ्यावरचा त्याचा स्वतःचाच सोबती नियमाप्रमाणें त्याला गोळी घालतो. ज्या शत्रूसाठीं सारे नियम केले तो दृष्टीसहि पडलेला नसतो. पहिला बळी मात्र आपल्याच माणसाचा पडतो. पुढें शत्रु खरोखरच येतो, तेव्हां द्रोगो म्हातारा व आजारी झालेला असतो. त्याला गाडींत घालून किल्ल्याबाहेर रवाना करण्यांत येतें, आणि वाटेवरच्या एका खाणावळींत तो एकटाच मरणाला सामोरा जातो.

तिसरें पुस्तक दक्षिण आफ्रिकेंत जन्मलेल्या जे. एम. कुट्सी याचें, १९८० सालचें. ‘रानटी लोकांची वाट पाहतांना’ हें त्याचें नांव त्यानें ग्रीक कवि कवाफी याच्या १९०४ सालीं प्रसिद्ध झालेल्या कवितेवरून घेतलें आहे. या साम्राज्याला नांव नाहीं, गांवाला नांव नाहीं, आणि कथा सांगणाऱ्या वृद्ध मॅजिस्ट्रेटलाहि नांव नाहीं. त्याला जुने अवशेष उकरण्याचा नाद आहे, आणि त्यांत सांपडलेल्या लांकडी पट्ट्यांवरील अज्ञात लिपि लावण्याचा तो व्यर्थ प्रयत्न करीत असतो. राजधानीहून काळा चष्मा घातलेला कर्नल जॉल येतो. उठाव होणार असें त्यानें येण्यापूर्वींच ठरविलेलें असतें. तेव्हां पुरावा निर्माण करण्यासाठीं सरोवराकांठचे निरुपद्रवी कोळी धरून आणून त्यांचे हाल करण्यांत येतात. छळानें दृष्टि अधू झालेल्या, पाय मोडलेल्या एका मुलीला मॅजिस्ट्रेट आपल्या घरीं ठेवून घेतो आणि पुढें वाळवंट ओलांडून तिच्या माणसांकडे पोंचवितो. त्या प्रवासांत त्याच्या ध्यानांत येतें कीं, हिवाळाभर ती आपल्या घरांत होती, आणि तिची भाषा शिकून घ्यावी असें आपल्याला एकदांहि सुचलें नाहीं. मेलेल्यांची लिपि लावण्यांत ज्यानें वर्षें घालविलीं, त्याला समोर बसलेल्या जिवंत माणसाची बोली ऐकूं आली नाहीं! साऱ्या कादंबरींत मला याहून जड असें वाक्य आढळलें नाहीं.

हीं तीन पुस्तकें एकापाठोपाठ वाचलीं असतां एक प्रश्न उभा राहतो. तिन्ही लेखक तटावर उभे राहून बाहेर पाहतात. आणि वाचकहि त्यांच्या शेजारीं उभा राहतो. बाहेरून तें गांव कसें दिसत असेल? त्याला तिकडे काय म्हणत असतील? युरोपांतील किंवा अमेरिकेंतील वाचकाला हा प्रश्न कल्पनेनें सोडवावा लागेल. मराठी वाचकाला मात्र त्यासाठीं आपला इतिहास चाळला तरी पुरे आहे. कारण आपण तटाच्या दोन्ही बाजूंस उभे राहून चुकलों आहों.

कलकत्त्याची गोष्ट घ्या. १७४२ सालीं नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर यांच्या स्वारीनें बंगाल हादरलें, तेव्हां कलकत्त्याच्या रहिवाशांनीं शहराभोंवतीं खंदक खणावयास घेतला. तो सात मैल व्हावयाचा होता. सहा महिन्यांत सुमारें तीन मैल खणून झाला. पण मराठे कांहीं कलकत्त्यावर आले नाहींत, आणि काम तसेंच राहिलें. ‘मराठा डिच’ हें नांव मात्र त्याला कायमचें चिकटलें. पुढें १७५६ सालीं कलकत्ता पडलें तें सिराजउद्दौल्याच्या हातीं. ज्यांच्यासाठीं खंदक खणला त्यांच्या हातीं नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याचा बराचसा भाग बुजवून त्यावर सर्क्युलर रोड बांधला गेला. बुझ्झातीच्या किल्ल्यावरून ज्यांची पिढ्यान् पिढ्या वाट पाहिली ते तार्तर, आणि या खंदकाकांठीं ज्यांची वाट पाहिली ते आम्ही, यांत फरक एवढाच कीं आमची वाट खऱ्याखुऱ्या माणसांनीं पाहिली.

आणि कलकत्त्यास आम्ही गेलों नाहीं, तरी इतरत्र गेलों होतों. बंगालमधील स्वाऱ्या १७५१ पर्यंत चालल्या. अखेरीस अलीवर्दीखानानें सालीना बारा लक्ष रुपये चौथाई कबूल केली, तेव्हां त्या थांबल्या. मीं शाळेंत जो इतिहास वाचला त्यांत एवढेंच होतें, आणि तें वाचतांना छाती फुगत असे. परंतु ‘बारगीर’ या आपल्या साध्या लष्करी शब्दाचा बंगालींत ‘बर्गी’ झाला, आणि मुलाला निजवितांना आई ज्याचें भय घालते असें तें नांव होऊन बसलें. गंगाराम नांवाच्या कवीनें त्याच काळीं ‘महाराष्ट्रपुराण’ लिहिलें. त्यांत मराठ्यांची स्वारी ही आरंभीं दैवी योजना आहे. पृथ्वीला पापाचा भार झाला म्हणून शंकर नंदीला पाठवितात आणि शाहू राजाला प्रेरणा होते. पण गांवें जळतात, स्त्रियांची विटंबना होते, ब्राह्मण व वैष्णव मारले जातात. तेव्हां देवी रुष्ट होऊन भास्कररामाची बाजू सोडते, आणि १७४४ सालीं अलीवर्दीखान त्याला भेटीस बोलावून दग्यानें मारतो. भास्कररामानें कांटव्यास मोठ्या भक्तीनें दुर्गापूजा मांडली होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे कवीच्या या निवाड्याची धार कळते. ज्या देवीला आपण आपली समजत होतों, तिला पलीकडच्या लोकांनीं आपल्या विरुद्ध साक्षीस उभें केलें.

याच्या उलट बाजूसाठीं दूर जावयास नको. नोव्हेंबर १८१७ मध्यें खडकीच्या लढाईनंतर इंग्रजांनीं पुणें घेतलें आणि शहराच्या पूर्वेस आपली छावणी वसविली. रुंद रस्ते, कवायतीचें मैदान, प्रार्थनामंदिरें, आणि फौजेला लागेल तें पुरविणारा बाजार. कथांतील सरहद्दीच्या गांवाचीं सारीं लक्षणें तेथें होतीं, आणि पलीकडचा मुलूख म्हणजे आमच्या पेठा होत्या. पुण्याचें माणूस अजूनहि त्या भागाला ‘लष्कर’ किंवा ‘कँप’ म्हणतें. माझ्या लहानपणीं आमच्या वाड्यांत एक वृद्ध आजी होत्या. घरांतलें कोणी मैल-दीड मैलावरच्या त्या भागांत जावयास निघालें, कीं त्या हातावर दही घालीत. परगांवीं जाणाराला घालावें तसें. इंग्रज जाऊन तेव्हां पुष्कळ वर्षें लोटलीं होतीं. जिंकलेल्या मुलखांत सरहद्द ही देशाच्या टोकाला असेलच असें नाहीं. ती शहराच्या मधूनहि जाते, आणि तट दिसेनासा झाल्यावरहि माणसांच्या सवयींत उरते.

म्हणून कोननच्या त्या एका आठवणीपाशीं मी थबकतों. एका तटावर तो बाहेरून चढला आणि दुसरा त्यानें आंतून राखला. आम्ही बंगालच्या तटावर चढलों आणि पुढें आमच्याच अंगणांत दुसऱ्यानें तट घातला. या दोहोंपैकीं एकच गोष्ट आठवावयाची आणि दुसरी विसरावयाची, ही सोय मोठी मोहक आहे. खडकीचें दुःख सांगतांना कांटव्याचें नांव गाळलें कीं आपण केवळ पीडित ठरतों. बंगालची चौथाई सांगतांना अंगाईगीत गाळलें कीं आपण केवळ पराक्रमी ठरतों. दोन्ही एकाच वेळीं मनांत ठेवणें हें अवघड आहे, आणि मला वाटतें, सरहद्दीवरच्या गांवाच्या कथा वाचण्याचा खरा उपयोग या अवघड कामाची सवय लागण्यांत आहे.

उद्यां एखादा मराठी लेखक असें साम्राज्य रचावयास बसला, तर त्यानें राजधानीचे कळस हवे तितके उंच करावेत. नकाशाच्या कडेला आल्यावर मात्र त्यानें थोडें थांबावें, आणि तेथल्या गांवाला दोन नांवें द्यावींत. एक, जिंकणाऱ्यांनीं कागदोपत्रीं घातलेलें, आणि दुसरें, पलीकडचीं माणसें आपसांत बोलतांना घेतात तें. दुसरें नांव बहुधा कानांना गोड लागणार नाहीं. तें ठाऊक करून घेण्यासाठीं लेखकाला तटाबाहेर जाऊन तिकडची बोली शिकावी लागेल. त्या वृद्ध मॅजिस्ट्रेटला जें हिवाळाभर सुचलें नाहीं, तें आधीं करावें लागेल. आपल्याकडच्या लेखकाला निदान तशा एका बोलींतील एक शब्द आयता मिळालेला आहे, आणि तो शब्द म्हणजे आपलेंच नांव आहे.