‘अवॉर्ड’ नावाचं कर्ज

आमच्या टीममध्ये कोड रिव्ह्यूच्या वेळी सगळ्यात जास्त भांडणं कशावरून होतात सांगू? नावांवरून! लॉजिक बरोबर असतं, टेस्ट पास होतात, पण व्हेरिएबलचं नाव एक सांगतं आणि आत असतं भलतंच. असा कोड आम्ही परत पाठवतो. कारण सहा महिन्यांनी तो वाचणारा बिचारा नावावरच विश्वास ठेवणार.

आता मंडळी, अमेरिकेत कॉलेजला प्रवेश मिळाला की तिथल्या फायनान्शियल एड ऑफिसकडून एक पत्र येतं. त्याला सगळे काय म्हणतात? तर ‘अवॉर्ड लेटर’. आपल्या मराठी डोक्यात अवॉर्ड म्हटलं की शाल, श्रीफळ आणि टाळ्या!

२०२५ च्या एप्रिलमध्ये इथे न्यू जर्सीत माझ्या मित्राच्या मुलीला अशी दोन पत्रं आली. पहिल्या कॉलेजचं एकूण अवॉर्ड २९,००० डॉलर. दुसऱ्याचं फक्त ९,०००. मित्राची नोकरी जानेवारीतच गेलेली, त्यामुळे घरात आनंदाला जरा जास्तच किंमत आली होती. कराडला फोन गेला. आजीने गल्लीत पेढे वाटले. नातीला पंचवीस लाखांचं बक्षीस मिळालं म्हणून!

शनिवारी बापलेक पत्रं घेऊन आमच्याकडे आले. "काका, एक्सेलमध्ये टाकून बघू या ना." टाकलं.

पहिल्या कॉलेजचा वर्षाचा खर्च ३६,०००. अवॉर्डच्या २९,००० मध्ये कॉलेजची ग्रँट, म्हणजे खरोखर फुकटचे पैसे, ६,०००. सबसिडाइज्ड लोन ३,५००. यात शिक्षण चालू असेपर्यंत व्याज सरकार भरतं. अनसबसिडाइज्ड लोन २,०००. याचं व्याज पैसे उचलल्या दिवसापासून सुरू. वर्क-स्टडी २,५००, म्हणजे कॅम्पसवर काम शोधा, करा, मग पगार घ्या. आणि उरलेले १५,०००? ‘पॅरेंट प्लस’. ते कर्ज तर मुलीचं नाहीच, आईबापाच्या नावावर! २०२५-२६ साठी त्याचा व्याजदर ८.९४ टक्के, शिवाय सुरुवातीलाच सव्वाचार टक्क्यांच्या आसपास फी कापून घेतात.

दुसऱ्या कॉलेजचा खर्च २४,०००. ग्रँट ३,५००, बाकी तीच ५,५०० ची दोन कर्जं. बस.

आता वजाबाकी करा. खर्चातून फक्त ग्रँट वजा. पहिलं कॉलेज ३०,००० ला पडत होतं, दुसरं २०,५०० ला. तिप्पट अवॉर्ड देणारं कॉलेज वर्षाला साडेनऊ हजारांनी महाग! चार वर्षांचा फरक ३८,०००. पोरगी स्क्रीनकडे बघत राहिली. मित्र म्हणाला, "च्यायला, हे तर मीच मला दिलेलं अवॉर्ड आहे."

हे एका कॉलेजपुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पण ‘न्यू अमेरिका’ या संस्थेने २०१८ मध्ये अशी हजारो पत्रं तपासली. त्या एका अनसबसिडाइज्ड लोनला कॉलेजांनी १३६ वेगवेगळी नावं दिलेली सापडली, आणि त्यातल्या २४ नावांत ‘लोन’ हा शब्दच नव्हता! २०२२ मध्ये सरकारचं स्वतःचं ऑडिट खातं, जीएओ, म्हणालं की अंदाजे ९१ टक्के कॉलेजं खरी किंमत एकतर सांगत नाहीत, नाहीतर कमी करून सांगतात. सरकारचा ‘कॉलेज फायनान्सिंग प्लॅन’ नावाचा बरा नमुना आहे, पण तो सरसकट सगळ्यांना सक्तीचा नाही.

एड ऑफिसमधली माणसं मात्र वाईट नसतात हो. २०२५-२६ च्या फॅफसा फॉर्ममध्ये २०२३ चं उत्पन्न धरलेलं. २०२५ मध्ये गेलेली नोकरी फॉर्मला दिसणार कशी? पण ‘प्रोफेशनल जजमेंट’ या तरतुदीखाली परिस्थिती बदलल्याचे कागद बघून आकडे बदलायचा अधिकार त्यांना कायद्यानेच दिलाय. मित्राने दोन्हीकडे फोन केला. दुसऱ्या कॉलेजातल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, ले-ऑफचं पत्र मागवलं आणि ग्रँट २,००० ने वाढली. पहिल्याकडे काही हललं नाही.

पोरीने दुसरं कॉलेज घेतलं. पहिल्याची रोबॉटिक्स लॅब तिला फार आवडली होती, दोन दिवस गप्पच होती. आजीने फोनवर विचारलं, "मग बक्षीस परत केलंस काय गं?" ती आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आजी, ते बक्षीस नव्हतं. उधारी होती."

तुमच्यापैकी बरेच जण आज ना उद्या या पत्रापर्यंत पोचणार. (मुलं एच-फोरवर असतील तर केंद्र सरकारची मदत आणि कर्ज मिळत नाही, हे आधीच लक्षात ठेवा.) जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्याने पॅरेंट प्लस घेणाऱ्यांना एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० ची मर्यादा घातली आहे. म्हणजे वरची खिंडार बुजवायला खाजगी कर्जवाले दारात येतील. तेव्हा पत्र आलं की पेन्सिल घ्या आणि प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न लिहा: हे परत करायचंय का? उत्तर कळलं नाही तर एड ऑफिसला फोन लावा. आणि पेढे त्यानंतर.