घर घेऊन घर बांधायला

अमेरिकेच्या उत्तरेकडची बरीच निवृत्त मंडळी थंडी वाढली की दक्षिणेला निघतात. त्यांना इथे ‘स्नोबर्ड्स’ म्हणतात. फ्लोरिडा, टेक्सास, ॲरिझोना अशा ठिकाणी दोन-तीन महिने काढायचे आणि बर्फ वितळला की परतायचं. त्यातले काहीजण नुसतं ऊन खात बसत नाहीत. आरव्ही म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी घेऊन जातात आणि तिथे गरजूंची घरं बांधायला लागतात. ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या संस्थेत अशा गाडीवाल्या स्वयंसेवकांना ‘केअर-अ-व्हॅनर्स’ म्हणतात. २०२५ च्या जानेवारीत आम्हीही दोन आठवडे त्यांच्यात जाऊन आलो. मी, नवरा आणि इंदूरहून आलेले माझे बाबा.

खरं तर ही सहल बाबांसाठीच काढली होती. आई गेल्यावर आम्ही त्यांना डेट्रॉइटजवळच्या आमच्या घरी आणलं. रामबागेतलं घर बंद केलं, किल्ली शेजारच्या काकूंकडे दिली. ऑक्टोबर बरा गेला. नोव्हेंबरात पाच वाजताच अंधार पडायला लागला आणि बाबा खिडकीशी बसून समोरून जाणाऱ्या गाड्या बघू लागले. आम्ही दोघं दिवसभर लॅपटॉपसमोर. पीडब्ल्यूडीत सब-इंजिनिअर म्हणून जन्मभर रस्ते आणि इमारती बघितलेला माणूस दिवसातून दोनदा विचारायचा, “बेटा, काही काम असेल तर सांग.” आणि माझ्याकडे लसूण सोलण्यापलीकडे काम नसायचं. डिसेंबरात त्यांनी परतीच्या तिकिटाचा विषय काढला.

१ जानेवारीला भाड्याची आरव्ही घेऊन निघालो. डेट्रॉइटहून आय-७५ हा एकच महामार्ग धरायचा आणि सुमारे दोन हजार किलोमीटर दक्षिणेला जायचं. ओहायो, केंटकी, टेनेसी, जॉर्जिया, मग फ्लोरिडा. हिवाळ्यात या गाडीच्या नळांत पाणी ठेवता येत नाही; ते गोठून पाइप फुटतात. म्हणून त्यांत गुलाबी रंगाचं अँटिफ्रीझ भरलेलं असतं आणि उबदार प्रदेश येईपर्यंत पिण्या-धुण्याचं पाणी डब्यातूनच. फ्लोरिडात शिरल्यावर पाइप धुऊन घेतले, तेव्हा कुठे आंघोळी झाल्या. गरम पाण्याची टाकी जेमतेम बावीस-तेवीस लिटरची. शॉवरखाली उभं राहून आम्हा दोघांचं पाणी साबण निघायच्या आतच संपायचं. बाबांनी रस्त्यातल्या दुकानातून बादली आणि मग घेतला होता, त्यांना कधीच कमी पडलं नाही. सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायचं काम नवऱ्याचं. त्याविषयी न लिहिलेलंच बरं, कारण हे वाचताना कुणीतरी पोहे खात असेल.

वाटेत जॉर्जियात हमरस्ता सोडून अमेरिकस आणि प्लेन्सला गेलो. अमेरिकस या छोट्या गावात १९७६ मध्ये मिलर्ड आणि लिंडा फुलर या दांपत्याने हॅबिटॅटची सुरुवात केली. तिथून जवळच प्लेन्स, माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचं गाव. १९८४ पासून कार्टर दांपत्य हॅबिटॅटच्या कामावर स्वतः हातोडा घेऊन जायचं. २९ डिसेंबरला, वयाच्या शंभराव्या वर्षी कार्टर गेले. आम्ही पोहोचलो त्या ४ जानेवारीला त्यांचं पार्थिव गावातून अटलांटाला नेत होते. दुतर्फा माणसं गप्प उभी होती. आरव्ही लांब लावून आम्हीही त्यांच्यात उभे राहिलो. त्यांच्या लहानपणच्या शेतावर घंटेचे ३९ टोल दिले गेले, कारण ते एकोणचाळिसावे राष्ट्राध्यक्ष. आम्ही होतो तिथे ते ऐकू आले नाहीत.

शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी विचारलं, तुम्ही भारतातले का? मग म्हणाल्या, जिमींची आई तुमच्याकडे होती. मला वाटलं, काहीतरी गैरसमज असेल. पण ते खरं आहे. लिलियन कार्टर या नर्स होत्या. १९६६ मध्ये त्या पीस कोअरतर्फे भारतात आल्या आणि विक्रोळीत कामगार वसाहतीतल्या दवाखान्यात काम केलं. तेव्हा त्यांचं वय होतं ६८. बाबाही ६८ चे. ते काही बोलले नाहीत. गाडीत बसल्यावर मात्र नवऱ्याला विचारलं, “विक्रोळीत? पावसाळ्यातसुद्धा?”

आमचं काम होतं फोर्ट मायर्सजवळ. २८ सप्टेंबर २०२२ ला इयान चक्रीवादळाने हा किनारा धुऊन काढला होता. आम्ही ज्या घरावर काम केलं ते एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बाईंचं. भाड्याच्या घरात पाणी शिरल्यापासून दोन मुलांना घेऊन त्या इकडे-तिकडे राहत होत्या. हॅबिटॅटचं घर फुकट मिळत नाही. परवडेल असा हप्ता भरावा लागतो आणि आपल्या व इतरांच्या घरांवर शेकडो तास राबावंही लागतं. शनिवारी त्या रंगाचा ब्रश घेऊन हजर असायच्या. बाबांनी हप्त्याचं ऐकलं आणि मान डोलावली.

पहिल्या सकाळी बाबांनी आधी भिंती बघितल्या. अमेरिकेतली लाकडी घरं त्यांना कधीच पटली नव्हती. त्यांच्या भाषेत ती “खोकी”. इथे बाहेरच्या भिंती काँक्रीटच्या ब्लॉकच्या, आत सळया. छताची प्रत्येक कैची भिंतीच्या वरच्या तुळईत पुरलेल्या लोखंडी पट्टीला खिळ्यांनी जखडलेली, म्हणजे वाऱ्याने छप्पर उचललं जाऊ नये. ते बघून म्हणाले, “हे ठीक आहे.” शिडीवर चढायला मात्र देखरेख करणाऱ्याने त्यांना साफ मनाई केली. थोडे फुगले.

खरी गंमत आतल्या लाकडी भिंतींच्या वेळी झाली. इथे सगळं फूट-इंचात, आणि इंचाचेही सोळा भाग. आम्ही दोघं बीई झालेले, पण मीटर-सेंटिमीटरवर वाढलेले. पाच-सोळांश म्हटलं की डोकं गरगरायचं. बाबा टेप हातात घेऊन म्हणाले, “अडीच सूत.” आपल्याकडे मिस्त्री इंचाचे आठ सूत मोजतात, हे मी तोपर्यंत ऐकलंही नव्हतं. मग उभे खांब सोळा इंचांवरच का, हेही त्यांनीच सांगितलं. चार फुटी शीट असते, तिचे बरोबर तीन भाग होतात.

त्यांचा जोडीदार ओहायोचा, ७६ वर्षांचा, कारखान्यात खरादीवर आयुष्य काढलेला. बायको गेल्यापासून दर हिवाळ्यात एकटाच आरव्ही घेऊन येतो. बाबांचं इंग्रजी सरकारी पत्रव्यवहाराचं, त्याचं निम्मं तोंडातल्या तोंडात. तरी एक माप घ्यायचा, दुसरा कापायचा. तिसऱ्या दिवसापासून तो लांबूनच ओरडायला लागला, “टू सूत!” जेवणाच्या सुट्टीत बाबा त्याला चिवड्यावर इंदुरी शेव घालून द्यायचे. बायकांविषयी ते दोघं काही बोलले की नाही, मला माहीत नाही.

मला वाटत होतं, आता बाबा रमले, आता राहतील. नवऱ्याने तर त्यांच्यासाठी घराजवळच्या हॅबिटॅटची चौकशीही केली होती. परतताना जॉर्जियात कुठेतरी ते मागच्या सीटवरून म्हणाले, “मार्चचं तिकीट बघ. गच्ची गळते, पावसाळ्याआधी करून घ्यायला हवी. वरच्या दोन खोल्याही रिकाम्याच आहेत, कॉलेजच्या मुलांना देता येतील.” आवाजात डिसेंबरातला रुसवा नव्हता. मी थोडा वेळ बाहेर बघत राहिले. मग फोनवर तिकीट शोधायला लागले.

ओहायोच्या गृहस्थाने त्यांना निघताना पंचवीस फुटी टेप दिला होता. तो सामानात टाकायचा की हातातल्या बॅगेत, यावर बाबा आणि नवरा टेनेसीची हद्द येईपर्यंत वाद घालत होते.